अर्ध्या पोथीचे डॉक्टर

डॉक्टर चौगुल्यांच्या बॅगेत स्टेथोस्कोप, थर्मामीटर, इंजेक्शनच्या सुयांची पितळी डबी आणि शेंडी राखून सोललेला एक नारळ असायचा. पहिल्या तीन वस्तू रोग्यांसाठी होत्या. नारळ नदीसाठी होता.

कोल्हापूर संस्थान विलीन झालं, त्या सुमाराला मी शाहूपुरीत राहायला आलो. नुकताच बी. ए. झालो होतो आणि एका शाळेत मराठी शिकवायची नोकरी मिळाली होती. आमच्या घरात अक्षर ओळखणारा मी पहिलाच. वडील मुरगूडजवळच्या खेड्यात शेती करायचे. एकट्या, बिनलग्नाच्या, खेडवळ दिसणाऱ्या पोराला खोली द्यायला कोणी तयार होईना. डॉक्टरांनी मात्र माझं गाव विचारलं नाही, पगार विचारला नाही. "मोडी वाचता येतं?" एवढंच विचारलं. मी नाही म्हणालो. "शिकणार?" मी हो म्हणालो. दवाखान्यावरची खोली मला मिळाली. पुढची सात-आठ वर्षं मी तिथे राहिलो. आज मला जुनी कागदपत्रं वाचता येतात, त्यावर चार पुस्तकं लिहिता आली, ती त्या एका 'हो'मुळे.

ते तेव्हा साठीला आले होते. अंगात काळा कोट, धोतर, पांढऱ्या मिशा, हातात बारमाही छत्री. मुंबईला डॉक्टरकी शिकून आलेले, आणि एके काळी शाहूपुरीतल्या गुळाच्या पेढ्यांवरची सगळी मंडळी त्यांच्याकडेच येत. मी आलो तेव्हा दवाखान्यातलं बाक बहुधा रिकामंच असायचं. त्याला कारण तो नारळच होता.

आमच्या भागात घरातला म्हातारा गेला, की त्याच्या पोथ्या रद्दीत घालत नाहीत, चुलीत तर नाहीच नाही. कापडात बांधून, हळद-कुंकू वाहून नदीत सोडतात. वाचणारा गेला, आता पोथी ठेवून काय करायची, अशी त्यामागची समजूत. डॉक्टर रोज सकाळी पंचगंगेच्या घाटावर जाऊन बसत. अस्थी घेऊन, दहाव्या-बाराव्याला माणसं येत. त्यांच्या हातात बोचकं दिसलं की डॉक्टर उठत. एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. डोकी भादरलेले तिघे भाऊ आले होते.

"पावणं, बोचक्यात काय हाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"आज्ज्याच्या पोथ्या. सोडायच्या हाईत."

"मला जरा बघू द्या की. डॉक्टर हाय मी."

"आता डॉक्टर काय करायचाय? आज्जा गेला की मागल्या आयतवारी."

धुणं धुणाऱ्या बायका हसल्या. डॉक्टर पायरीवर बसले, बोचकं मांडीवर घेतलं आणि एकेक पोथी बाहेर काढून पाहू लागले. स्तोत्रं, पंचांगं, व्रताच्या कहाण्या. ते सगळं त्यांनी पुन्हा होतं तसं नीट बांधलं. एक बाड मात्र बाजूला राहिलं. त्यात जनावरांच्या आणि माणसांच्या औषधांची नोंद होती. मग बॅगेतून नारळ निघाला.

"नदीला मोकळं पाठवायचं न्हाय. ह्या बाडाच्या जागी ह्यो नारळ सोडा. आज्ज्याला पोचतंय ते. आन् बाड माझ्याकडं ऱ्हाईल, आज्ज्याचं नाव घालून."

थोरल्या भावानं नारळ हातात घेऊन हलवून बघितला, आत पाणी आहे याची खात्री केली आणि मान हलवली.

सगळेच असे ऐकत नसत. काही जण अंगावर येत, काही जण म्हणत, म्हाताऱ्याची शेवटची इच्छा आहे. मग डॉक्टर बाजूला होत आणि पोथी बुडेपर्यंत उभे राहून पाहत. हातकागद लगेच बुडत नाही. आधी फुगतो, मग पानं सुटतात, मग शाई. त्या दिवशी ते घरी येऊन पुन्हा आंघोळ करत.

ज्याचं तोंड रोज घाटावर दिसतं त्याला आजारी पोरापाशी कोण बोलावणार? हळूहळू बायका त्यांचं नाव काढलं की कपाळाला हात लावू लागल्या. रस्त्यात भेटलेले लोक नमस्कार करत, पण लांबून. डॉक्टरांना हे कळत नव्हतं असं नाही. दवाखाना ते नेमानं उघडत, टेबल पुसत, बाकावर कोणी नसलं की आतल्या खोलीत पुस्तकांपाशी जाऊन बसत.

त्या खोलीत दोन मोठी कपाटं होती. शेजारीच गुळाचं गोदाम, त्यामुळे घरभर मुंग्या. म्हणून कपाटांचे पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांमध्ये ठेवलेले होते. त्या वाट्या रोज सकाळी आक्का भरायच्या. आक्का म्हणजे डॉक्टरांची थोरली बहीण. निपाणीला दिलेली, लहानपणीच विधवा होऊन परत आलेली. पुस्तकांशी त्यांचं मुळीच पटत नव्हतं. "मेलेल्यांच्या घरातली अडगळ आमच्या घरात," असं पुटपुटत त्या वाट्या भरायच्या, पण एक दिवस चुकवल्याचं मला आठवत नाही.

कपाटांत हातानं लिहिलेली बाडं होती, तशीच शिळाप्रेसवर छापलेली जुनी पुस्तकंही होती. शरीराची माहिती देणाऱ्या एका पुस्तकात पोट उघडून आतली आतडी दाखवलेल्या माणसाचं चित्र होतं, आणि त्याच्या डोक्यावर व्यवस्थित बांधलेली पगडी होती. डॉक्टरांना ते चित्र फार आवडे. "बघ, पोट फाडलं तरी माणसाची अब्रू ठेवलीया," ते म्हणत.

लेखकांची नावं ते क्वचितच घेत. त्यांना गावावरून ओळखत, आणि काल भेटल्यासारखं बोलत. वाळव्याचे आप्पा खोकल्याला अडुळसा देतात, पण रोग्याला आधी घराबाहेर झोपवतात. गडहिंग्लजचे काका फार चिडके, रोग्यांच्या नातेवाइकांना दोन पानं शिव्या दिल्यात. पहिले काही महिने मला वाटायचं, ही मंडळी त्यांच्या नात्यातली असावीत. शेवटी मी आक्कांना विचारलं की वाळव्याचे आप्पा कधी येतात. त्या म्हणाल्या, "ते कुठलं येत्यात बाबा. शंभर वरसं झाली जाऊन. आमच्याकडं जित्ती माणसं येत न्हाईत."

मोडी शिकवता शिकवता त्यांनी मला पुस्तक वाचायची स्वतःची रीतही शिकवली. नवीन बाड हातात आलं की ते पहिलं पान उघडत नसत. "आधी मेलेला शोध," म्हणत. वैद्याने एखादा रोगी दगावल्याचं कुठे लिहिलं आहे का, ते पाहायचं. ते सापडलं तर बाड वरच्या कप्प्यात, "आपल्या माणसांत". प्रत्येक औषधाने प्रत्येक रोगी बरा झाला असं लिहिणारे खालच्या कप्प्यात. त्यांचं नाव "रामबाणवाले". रामबाणवाल्यांत मोठमोठ्या पदव्यांचे लोक होते, सोनेरी कडांची पुस्तकं होती. पुण्याचे एक प्राध्यापक एकदा ती पाहायला आले आणि अशी पुस्तकं जमिनीलगत ठेवल्याबद्दल हळहळले. डॉक्टर म्हणाले, "खोटं बोलणाराला मुंग्या लागल्या तर लागू द्यात."

वरच्या कप्प्यात देवीच्या टोचणीवरचं एक लहानसं पुस्तक होतं. लोक टोचून घ्यायला भीत होते म्हणून लेखकाने पहिली टोचणी स्वतःच्या मुलाला केली, आणि त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही, हेही लिहिलं. मुलाला काही झालं नाही. पण डॉक्टर त्या न जेवल्याच्या ओळीवर बोट ठेवून मला म्हणाले होते, "ह्यो डॉक्टर. बाकी सगळं औषध इकणारं."

आणि वरच्याच कप्प्यात, सगळ्यांच्या पुढे, ताराळ्याच्या वैद्यांची अर्धी पोथी होती.

ती त्यांना घाटावरच मिळाली होती, मी यायच्या बऱ्याच आधी. पोथीवर गावाचं नाव होतं, वैद्यांचं नव्हतं. त्यांनी तापांविषयी लिहिलं होतं, आणि प्रत्येक तापाखाली आपले रोगी एकेक करून सांगितले होते. कोण बरा झाला, कोण गेला, कुठे आपलं चुकलं. पोथीतला शेवटचा रोगी म्हणजे गुराख्याची सात वर्षांची मुलगी. तिचा ताप उतरत नव्हता. वैद्य तिच्या झोपडीतच जाऊन राहिले होते. पेज दिली, एक घोट घेतला. रात्री बडबडली. कपाळावर ओलं फडकं ठेवलं. औषध बदललं. आणि मग पानाच्या तळाशी एवढंच होतं, की पहाटे तिला हाक मारली तेव्हा. पुढचं पान नव्हतं.

डॉक्टरांनी ती पोथी किती वेळा वाचली असेल, कोण जाणे. मी एकदा म्हणालो की ही निदान उतरवून तरी ठेवू. ते म्हणाले, अर्धी उतरवून काय करायची? दुसरी अर्धी मिळाली की दोन्ही एकदम उतरू. हा त्यांचा हट्ट होता आणि त्यापुढे बोलायची माझी छाती नव्हती.

दुसरी अर्धी शोधायला ते एका मे महिन्यात मला घेऊन ताराळ्याला गेले. वैद्यांचे पणतू तिथे होते; घाटावर आलेली अर्धी त्यांच्याच घरातली. शेतकरी माणूस. त्यांनी गूळपाणी दिलं आणि पोथी अर्धी कशी झाली ते अगदी सहज सांगितलं. आज्ज्याच्या वेळी दोघा भावांची वाटणी झाली. जमीन वाटली, भांडी वाटली, बैल वाटले, आंब्याची झाडं मोजून वाटली. पोथी एकच होती. दोघांनाही ती हवी होती, कारण घरातला मोठेपणा त्या पोथीत होता. वाचता दोघांनाही येत नव्हती. मग पंचांनी पानं मोजली आणि मधोमध दोरा कापला.

"कुणाच्या वाटणीला कमी-जास्त नगं म्हणून," पणतू म्हणाले. "पंच शाणं हुतं."

डॉक्टरांनी दुसऱ्या भावाचं घर विचारलं. ते लोक फार पूर्वी गाव सोडून खाली कर्नाटकात गेले होते. कुठे, कोणाला ठाऊक नव्हतं. पोथी असेल, नसेल, नदीला सोडली असेल. परत येताना एस. टी.त डॉक्टर खिडकीबाहेर बघत बसले होते. कळंब्याच्या आसपास ते एकदम म्हणाले, "एक पान जास्त मोजलं असतं तर काय झालं असतं रं मास्तर?"

ह्याच पोथीची गोष्ट त्यांनी कधी तरी बंडू तांगेवाल्याला सांगितली होती. घाटावरून येताना ते बंडूच्याच तांग्यात बसत. बंडूने ती स्टेशनजवळच्या तांगेवाल्यांच्या अड्ड्यावर सांगितली. तेव्हापासून ती शाहूपुरीची थट्टा झाली. डॉक्टर दिसले की कोणी तरी लांबून ओरडायचं, "काय डॉक्टर, पोरगी वाचली का?" गुळाच्या ढेपा उचलणारे हमाल विचारायचे, पानवाला विचारायचा. त्यात दुष्टपणा नव्हता. डॉक्टरांशी बोलायला लोकांपाशी तेवढं एकच वाक्य उरलं होतं. डॉक्टरही छत्री वर करून उत्तर द्यायचे, "कळंल, कळंल."

मीही त्या थट्टेला हसायचो. मग एकदा आक्कांनी मला सांगितलं, आणि माझं हसणं थांबलं.

डॉक्टरांची बायको बाळंतपणात गेली होती. मुलगी राहिली. शालू. तिला आक्कांनी वाढवलं. सात वर्षांची असताना शालूला विषमज्वर झाला. त्या वेळी त्याच्यावर आजच्यासारखी औषधं नव्हती. शाहूपुरीतल्या दुसऱ्या डॉक्टरला बोलवा म्हणून आक्का मागे लागल्या, पण डॉक्टर म्हणाले, माझ्यापेक्षा जास्त कोण करणार आहे? दिवस-रात्र ते तिच्या उशाशी बसले. एका पहाटे त्यांनी तिला हाक मारली.

"त्या पहाटेचं बाळूला काय बी इचारू नगंस," आक्का म्हणाल्या. साठीच्या डॉक्टरांना त्या बाळूच म्हणत. "तेचं तेलाच म्हाईत न्हाय, आपलं काय चुकलं. म्हणून दुसऱ्याचं बघत बसतोय."

घाटावर जाणं त्यानंतर सुरू झालं होतं. शालूच्या बाराव्याला ते घाटावर गेले होते, तेव्हा शेजारी कोणी तरी पोथ्या सोडत होतं. त्यातलं एक पान तरंगत त्यांच्या पायापाशी आलं. त्यावर तापाच्या काढ्याची कृती होती.

एका वर्षी दसऱ्याच्या आधी डॉक्टर स्वतःच तापाने पडले. दरवर्षी खंडेनवमीला ते बॅग आणि वरच्या कप्प्यातली पुस्तकं पाटावर मांडून पूजा करत. त्या वर्षी आक्कांनी एकटीनेच केली. मी शहरातले दुसरे डॉक्टर घेऊन आलो. त्यांनी औषध दिलं, पण ताप चढतच होता. डॉक्टर बडबडायला लागले. ती बडबड मी ओळखली. पेज दिली, एक घोट घेतला. औषध बदललं. पहाटे तिला हाक मारली तेव्हा. तिथपर्यंत यायचे आणि थांबायचे, मग पुन्हा पहिल्यापासून. आक्का उशाशी बसून होत्या. त्यांना मोडी येत नव्हती, पोथीत काय आहे ते त्यांनी कधी वाचलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी ती पहिल्यांदाच ऐकली, भावाच्या तोंडून, पुन्हा पुन्हा.

ताप उतरला. दसरा होऊन गेला होता. डॉक्टर उशीला टेकून बसायला लागले, तांदळाची पेज घ्यायला लागले. एका संध्याकाळी मी शाळेतून येऊन त्यांच्यापाशी बसलो होतो. ते म्हणाले, "मास्तर, ताराळ्याची काढ जरा."

मी कपाट उघडलं. पुढची जागा रिकामी होती. मी मागे वळलो तेव्हा आक्का दारात उभ्या होत्या.

"शोधू नगंस," त्या म्हणाल्या. "सोडली मी. सकाळी बंडूच्या तांग्यातनं घाटावर गेलतो."

डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता काही तरी होणार. आक्का पुढे आल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या.

"अर्धी पोथी घरात ठेवू नये म्हणत्यात. ते असू दे, तेच्यासाठी न्हाय सोडली. बाळू, ती पोरगी किती वरसं तापात ठेवायची रं? तू पोथी उघडलीस की ती फणफणतीया. मिटलीस तरी फणफणतीया. तिला कुणी तरी उठू द्यायला पायजे की न्हाय?"

शेजारच्या गोदामात हमाल ढेपा रचत होते, तो आवाज तेवढा येत होता. डॉक्टरांनी विचारलं, "हळद-कुंकू वाहिलंस?"

"व्हय."

"पाणी किती हुतं?"

"चांगलं हुतं. व्हातं हुतं."

"बांधलीस कशात?"

आक्कांनी पदर डोक्यावर ओढला. मग म्हणाल्या, "ट्रंकेत शालूचा परकर हुता. खणाचा. त्यात."

डॉक्टरांनी मान हलवली. मग त्यांनी हात पुढे केला, आणि आक्कांनी तो धरला. मी उठून वर माझ्या खोलीत गेलो. ज्या माणसाने सगळ्या कोल्हापूरच्या पोथ्या नदीच्या तोंडातून काढल्या होत्या, त्याच्याच घरातली पोथी गेली होती. मला आक्कांचा राग यायला हवा होता. आला नाही.

ह्यानंतर डॉक्टर ताराळ्याच्या पोथीबद्दल माझ्याजवळ एकदाही बोलले नाहीत. पुढची जागा त्यांनी रिकामीच ठेवली. दुसरं पुस्तक तिथे सरकवलं नाही. प्रकृती सावरल्यावर घाटावर जाणं पुन्हा सुरू झालं. बंडूने मात्र त्यांना तो प्रश्न विचारायचं सोडलं. त्यानेच आक्कांना घाटावर नेलं होतं. त्या पाण्यात कशा उतरल्या आणि बोचक्याला काय बोलल्या, ते त्याने पाहिलं होतं. त्याने अड्ड्यावर सगळ्यांना दम दिला असावा. हमालही गप्प झाले. आणि त्या गप्प बसण्याने डॉक्टर अधिकच एकटे झाले. पूर्वी शाहूपुरीतून जाताना निदान चार हाका येत. आता ते छत्री धरून जात आणि लोक नुसते बघत.

पुढे मला साताऱ्याला बढती मिळाली. निघायच्या दिवशी मी डॉक्टरांच्या आणि आक्कांच्या पाया पडलो. आक्कांनी लाडवांचा डबा दिला. डॉक्टरांनी वरच्या कप्प्यातलं टोचणीचं पुस्तक माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "ह्यो माणूस सांभाळ." मी नको म्हणालो, तर त्यांनी ऐकलं नाही. ती त्यांची घाटावर जायची वेळ होती, म्हणून स्टेशनपर्यंत आम्ही बरोबरच चालत गेलो. आक्का आत वाट्यांमध्ये पाणी ओतत होत्या, ते दारातून दिसत होतं.

अड्ड्यावर तांगे उभे होते. बंडूच्या शेजारी एक नवीन पोरगा घोड्याला चंदी घालत होता. उचगावकडून नुकताच आलेला. त्याने जुन्या लोकांकडून ती थट्टा ऐकली असावी. पुढचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर दिसताच तो मोठ्याने म्हणाला, "काय डॉक्टर, पोरगी वाचली का?"

बंडूने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. बाकीचे तांगेवाले जमिनीकडे बघू लागले. मी डॉक्टरांच्या कोपराला हात लावला, चला म्हणून. ते थांबले. त्या पोराकडे वळले आणि त्याने खरोखरच कोणाची तरी चौकशी केली असावी, तसे शांतपणे म्हणाले,

"वाचली. बरी हाय आता. पथ्यावर हाय अजून."

मग त्यांनी मला हात केला आणि छत्री उघडून घाटाच्या रस्त्याला लागले. बॅग एका बाजूला कलली होती. आत नारळ होता.